संध्याकाळचं टपाल : डब्यावरच्या चिठ्ठ्या

दरवर्षी जुलैत माझं टपाल फुगतं. कारण साधं आहे. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी १ जून ठोकून द्यायचे. मी ३४ वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले. फॉर्म न बघता जन्मतारखेच्या रकान्यात १ जून लिहिलं असतं, तरी बऱ्याच वेळा बरोबर आलं असतं. आणि एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला गावोगाव शाली-श्रीफळांचा पाऊस. जुलैपर्यंत शाल कपाटात गेलेली असते, नारळाच्या वड्या संपलेल्या असतात आणि पत्र लिहायला वेळच वेळ असतो.

त्यातली नाशिकचीच चार पत्रं आज घेते.

ताई, आमचे हे अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. गेल्या वर्षी ३१ मेला रिटायर झाले. पहिले तीन-चार महिने मजेत गेले, चारधाम केलं, कोकणात जाऊन आलो. दिवाळीनंतर मात्र ह्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय, "गूळ, भरला १२ जून" अशी. गॅस किती वेळ चालू होता ते वहीत लिहितात. सकाळी दहाला "आज जेवायला काय" आणि साडेबाराला "अजून किती वेळ". माझी दुपारची झोप गेली, मंगळवारचं भजनी मंडळ सुटलं, कारण "मी एकटा काय करू" म्हणतात. माणूस वाईट नाही हो. पण रिटायर ते झाले आणि डबल ड्यूटी मला लागली. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर

तुमचं पत्र वाचून मी आधी पोटभर हसले आणि मग त्या गुळाच्या चिठ्ठीपाशी अडकले. बाई, ती चिठ्ठी नीट बघा. या माणसाच्या सहीशिवाय तीस-पस्तीस वर्षं गेटबाहेर माल जात नव्हता. लोक त्यांच्या टेबलाशी थांबायचे. आता जगात असं काहीच उरलं नाही जे त्यांच्या सहीवाचून अडतं. उरला तो गुळाचा डबा.

माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकत नाही हे कळेल. २०१६ साली मी निवृत्त झाले. पहिल्या महिन्यात तीनदा माझ्याच जुन्या पोस्टात गेले. एकदा तिकिटं घ्यायला, एकदा पासबुक भरून घ्यायला, आणि तिसऱ्यांदा काय निमित्त काढलं ते आता आठवतही नाही. तिसऱ्या खेपेला खिडकीत नवा मुलगा होता. वर न बघता म्हणाला, "आजी, आधी तिकडून फॉर्म भरून आणा." तो फॉर्म मी झोपेत भरून दिला असता. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी मात्र बाहेर येऊन पायरीवर बसले आणि चप्पल नीट करण्याचं नाटक केलं. घरी आल्यावर सुनेने भाजी निवडायला घेतली होती, ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि "देठ असे काढायचे" म्हणून तिला शिकवायला लागले. माझी गुळाची चिठ्ठी ती.

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिने तेव्हा मला रॉबर्ट ॲचली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं सांगितलं होतं. त्याने १९७६ साली निवृत्तीचे टप्पे मांडले. आधी मधुचंद्र, म्हणजे फिरणं, झोपणं, राहिलेल्या हौशी. मग भ्रमनिरास. मग फेरजुळणी, आणि त्यानंतर घडी बसते. हे सगळे टप्पे प्रत्येकाच्या वाट्याला येतात किंवा याच क्रमाने येतात असं त्याचं म्हणणं नव्हतं. पण तुमचं चारधाम आणि कोकण म्हणजे पहिला टप्पा आणि दिवाळीनंतरच्या चिठ्ठ्या म्हणजे दुसरा, इतकं तर सरळ दिसतंय. त्यानेच पुढे १९८९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली, ती मला जास्त पटते. माणूस म्हातारपणी नवा होत नाही, जुन्याच सवयी नव्या कामाला जुंपतो. म्हणून साठीनंतर "छंद जोपासा" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याने जन्मात ब्रश धरला नाही त्याला रंगपेटी आणून द्यायची आणि मग तो रमत नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा!

तुमच्या ह्यांना तपासणी येते, तर त्यांना तपासणीच द्या. फक्त ती घराबाहेरची असू दे. तुमची सोसायटी असेल तर पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली हे कुणालाही सांगता येणार नाही, मी पैज लावते. लिफ्टचं सर्व्हिसिंग, जिन्यातले दिवसा जळणारे दिवे, टँकरवाल्याची बिलं. चेअरमनना गाठा आणि सांगा, ह्यांना महिन्यातून एकदा सही करायला कागद द्या. हे मी चेष्टेने म्हणत नाही. "आज तुम्ही दिसला नाहीत, काम अडलं होतं," हे वाक्य आठवड्यातून एकदा बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणं, याला मी पेन्शनच्या बरोबरीचं समजते. बायकोच्या तोंडून ते ऐकून उपयोग होत नाही. ती तर तीस वर्षं म्हणतच असते.

स्वयंपाकघराचं आता. तिथे सीमा आखावीच लागेल, आणि ती भांडणाच्या दिवशी आखू नका. बरं चाललेलं असताना चहा पिता पिता सांगा. रविवारचा नाश्ता पूर्णपणे त्यांचा. भाजी आणण्यापासून कढई घासण्यापर्यंत, आणि पोह्यांचा लगदा झाला तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. बाकी सहा दिवस ओट्याशी तुमचं राज्य. डब्यांवरच्या चिठ्ठ्या राहू द्या. खरं सांगते, गुळाला मुंग्या कधीपासून लागल्या ते कळतं त्याने.

पण यातलं काहीही करायच्या आधी एक गोष्ट. येत्या मंगळवारी भजनाला जा. "मी एकटा काय करू" याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, तुम्ही चपला घालायच्या. त्या दोन तासांत ते कंटाळतील, चिडतील, दोन फोन करतील. तिसऱ्या मंगळवारी ते आपले आपण खाली उतरतील. तुम्ही घरात आहात तोवर त्यांना खाली उतरायचं कारणच नाही. आणि ते पुस्तकातले असतील तर आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व काढून द्या. १८४० पासूनची संस्था आहे, त्यांच्या चिठ्ठ्यांना पुरून उरेल.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. चिडणारा, चिठ्ठ्या लावणारा माणूस ठीक असतो. झोप उडाली, जेवण तुटलं, दाढी-अंघोळ टळायला लागली, "आता काय उरलंय" हे वरचेवर यायला लागलं, तर ते वय नसतं, तो आजार असतो आणि त्याला औषध आहे. तेव्हा डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

तुमचं सदर मी गेटवर बसून वाचतो. तुम्ही निवृत्तीत रमायचं कसं ते लिहिता. आमची निवृत्ती झालीच कुठे? सातपूरला टर्नर होतो. कंपनी बंद पडली तेव्हा ५४ वर्षांचा होतो. आता ६१. पेन्शन तीन हजारांच्या आत. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत बारा तास वॉचमन आहे. परवा जुना सहकारी कुणाकडे तरी आला, मी केबिनमध्ये मान खाली घालून बसलो. समाधान वगैरे पोट भरल्यावरच्या गोष्टी आहेत, बरोबर ना?
— एक वाचक, सिडको

बरोबर. आणि माझ्या सदराला ही चपराक हवी होती. मला सरकारी पेन्शन आहे. त्या उशीवर डोकं ठेवून मी गेली सहा वर्षं लिहितेय.

आधी तुमच्या मनातला एक काटा काढू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्रभर आहे तो. आपल्यातच काहीतरी कमी होतं, असं तुम्हाला वाटतं. ज्यांनी आपल्या मनाने, आपल्या तारखेला काम सोडलं ते पुढे जास्त समाधानी असतात, आणि ज्यांना काम सोडावं लागलं ते कमी. हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. दार कुणी बंद केलं यावर ते असतं, माणसाच्या कुवतीवर नाही. तुमचं दार दुसऱ्याने बंद केलं.

पेन्शनचा हिशेब लिहिते, कारण पुष्कळांना वाटतं की पीएफवाल्यांनी फसवलं. कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे १९९५ च्या योजनेत, पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० असा हिशेब आहे. पगार कितीही असला तरी साधारणपणे मर्यादेपर्यंतचाच धरतात. ती मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे, त्याआधी ६,५०० होती. त्यात तुमची नोकरी ५४ व्या वर्षी तुटली, म्हणजे वर्षंही कमी भरली. म्हणून आकडा इतका बारीक. किमान पेन्शन हजार रुपये, तीही २०१४ पासूनचीच. हे अन्यायाचं आहे की नाही यावर मी भांडायला तयार आहे, पण गणितात चूक नाही. तुमच्या हातात दोन कामं आहेत. पीएफच्या नोंदीत बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे जुळतेय का ते बघा. तुमच्यामागे तिला पेन्शन लागू होईल तेव्हा याच एका अक्षरापायी बायका रडताना मी खिडकीतून पाहिल्यात. दुसरं, हयातीचा दाखला. तुमच्या योजनेत तो दिल्याच्या दिवसापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरच्या गर्दीत जायची गरज नाही. पोस्टमन घरी येऊनही करून देतो.

आता बारा तासांचं. वॉचमनकीत कमीपणा नाही, पण बारा तास हे ६१ व्या वर्षाच्या गुडघ्यांना जास्त होतात. तुमच्या हाताला लेथ माहीत आहे. अंबड-सातपूरच्या गाळ्यांतून लहान वर्कशॉपवाले बसलेत, त्यांच्याकडे नवी मुलं असतात. ती बटण दाबतात, पण टूल कसं घासायचं आणि जॉब का थरथरतोय हे त्यांना सांगणारं कुणी नसतं. पूर्ण पगारावर जुना टर्नर त्यांना परवडत नाही, दिवसाचे चार तास परवडतो. महिन्यातून एका सुट्टीला असे पाच गाळे फिरा. चार जण नाही म्हणतील. आणि "काम द्या" म्हणू नका, "सेटिंग अडलं तर बोलवा, नंबर ठेवा" म्हणा. दोन्हीत फरक आहे. तो तुम्हाला उभं राहताना जाणवेल.

त्या सहकाऱ्याला फोन करा. तो तुमच्यासमोरून गेला तेव्हा त्याची काय अवस्था आहे हे तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?

आम्ही सात-आठ जण कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज भेटतो. हल्ली बीपी, शुगर आणि सुना याशिवाय विषय नसतो. घरी येतो तो आजारी होऊन. ग्रुप सोडू का?
— एक वाचक, कॉलेज रोड

मुळीच सोडू नका. सात-आठ माणसं रोज ठरल्या वेळी भेटतात हे भांडवल आहे, ते विषयापायी उधळू नका. विषय बदलायला जागा बदलावी लागते. गुरुवारी ट्रॅकऐवजी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. निम्म्या पायऱ्यांवर बोलायला दमच उरत नाही, सुनांची आपोआप सुटका. उतरल्यावर मिसळ. शुगरवाल्यांनी पाव एकच घ्यावा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे सगळे मिळून जा. व्याख्यान रटाळ निघालं तरी दुसऱ्या दिवशी वक्त्याला नावं ठेवण्यात सकाळ छान जाते.

मी ६६ वर्षांची, दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. पंचवटीत आमचं जुनं घर आहे, एकटीच राहते. मुलगा पुण्यात. तो म्हणतो, "आई, ते घर विकू, त्यात पैसे घालून इथे मोठा फ्लॅट घेऊ, तू कायमची इकडे ये." नातू तीन वर्षांचा आहे, सून नोकरी करते. मुलगा-सून चांगली आहेत. नाही म्हणावं असं कारण सापडत नाही आणि हो म्हणवत नाही. मी स्वार्थी आहे का?
— एक वाचक, पंचवटी

नाही. "नाही म्हणावं असं कारण सापडत नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्या पिढीच्या बायकांना नाही म्हणायला कारण लागतं, हो म्हणायला कुणी कारण विचारत नाही.

तुमच्या मुलाने तीन प्रश्न एका गाठीत बांधलेत. तुम्ही कुठे राहायचं, घराचं काय करायचं आणि नातवाला कुणी सांभाळायचं. गाठ सोडा. नातवाला सांभाळायला घर विकावं लागत नाही.

एक चातुर्मास पुण्याला जाऊन या. खरोखरचा, आषाढी ते कार्तिकी. या घराला कुलूप, किल्ली शेजारी, तुळशीला पाणी घालायला कुणाला तरी सांगून. जाताना एसटीने जा. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा "उगाच खर्च" म्हणून परत यायचं टाळू नका. चार महिन्यांत कळेल की तुम्ही तिथे आई म्हणून राहताय की पाळणाघर म्हणून. चांगल्या मुलांच्या घरीही हे घडतं, कुणाच्या मनात नसताना घडतं. सकाळी आठला दार बंद होतं, संध्याकाळी सातला उघडतं आणि मधल्या अकरा तासांत दहाव्या मजल्यावर तुम्ही आणि तीन वर्षांचं पोर. नातवंड आनंद देतं हे खरंच आहे. पण तुम्ही चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेला आहे आणि पाच वाजता घंटा व्हायची. इथेही घंटा ठरवून घ्या. आठवड्यातला एक दिवस पूर्ण तुमचा, आणि तो कुठला हे जायच्या आधी ठरलेलं.

घराबद्दल मी खिडकीतून बोलते, वकील म्हणून नाही. मिस्टरांच्या पश्चात घर कुणाच्या नावावर लागलंय ते आधी बघा. उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. ते काम विकायचं असो वा नसो, करायचंच आहे. विकलंच, तर नव्या फ्लॅटच्या खरेदीखतात तुमचं नाव हवं, तुमच्या पैशाच्या प्रमाणात. मुलाला बक्षीसपत्र करून द्यायची वेळ आली तर "आईचा सांभाळ करायचा" ही अट त्या कागदात लिहिलेली असू द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अशी सोय आहे की अट मोडली तर न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. तोंडी विश्वासावर केलेल्या कागदापायी पुढे फार अडचण होते. मुलगा चांगला आहे म्हणूनच आता लिहून घ्या, वाईट वेळेला कोण लिहून देतो? मृत्युपत्रही करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.

हातात थोडी रक्कम असेल तर ती तुमच्याच नावावर राहू द्या. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांची ३० लाख झालीय आणि व्याज तीन महिन्यांनी खात्यात येतं. नातवाला खाऊ आणायला मुलाकडे हात पसरावा लागला नाही की सासू-सुनेचं निम्मं गोड राहतं.

जायच्या आधी एक काम करा. आठवडाभर एक वही ठेवा. दिवसभरात ज्याने ज्याने तुम्हाला नावाने किंवा "बाई" म्हणून हाक मारली त्याचं नाव लिहा. भाजीवाली, औषधांच्या दुकानातला, काळारामाच्या दारातली फुलवाली, रस्त्यात पाया पडणारा जुना विद्यार्थी, सगळे. पुण्यात चौथ्या महिन्यात तीच वही परत काढा आणि पुन्हा आठवडाभर लिहा. मग दोन्ही याद्या मुलाला दाखवा आणि त्याच्याशी बोला. तोवर हो नाही आणि नाहीही नाही.

तुम्हाला सांगायच्या आधी मीही गेल्या आठवड्यात लिहून बघितलं. नऊ नावं झाली. त्यातला एक दूधवाला, तो थकलेलं बिल मागायला आला होता. तोही धरला.